रविवारची शुश्रूषा

पुस्तकांचे परीक्षण करणाऱ्या माणसाला एक मोठी सोय असते. त्याने वाईट पुस्तकाला चांगले म्हटले, तर फार तर एखाद्या भिडस्त वाचकाचे तीनचारशे रुपये आणि दोन संध्याकाळी फुकट जातात. गेली चाळीस वर्षे मी ह्या सोयीचा लाभ घेत आलो आहे. मी डोक्यावर घेतलेले काही कवितासंग्रह आज त्यांच्या कवींनाही आठवत नसतील. पण त्याचा जाब मला कोणी विचारलेला नाही. २०२३ च्या पावसाळ्यात मात्र एक निराळेच परीक्षण करण्याची पाळी माझ्यावर आली. त्यात मी जी चूक केली तिची किंमत माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, स्वतःच्या पाठीवर मोजली. हा अलंकार नव्हे. जखम माकडहाडाच्या किंचित वर होती, आणि तिच्यात जुना बंदा रुपया सहज मावला असता.

ऐन दिवाळीत, चकली मोडता मोडता वाचायला हा विषय काही सुखाचा नव्हे, हे मला कळते. परंतु दिवाळीतच आपल्याकडे विखुरलेली माणसे चार दिवस एका छपराखाली येतात, आणि फराळाची ताटे उचलली गेली की कोणीतरी आवाज खाली आणून विचारतेच, "मग माईआत्याचं काय करायचं?" त्या वेळी हा अंक घरात असला तर वाईट नाही.

आक्काने साताऱ्यात मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षे गणित शिकवले. पुढेही ती तेथेच एकटी राहिली आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. त्र्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. पुण्यास आणून शस्त्रक्रिया केली. ती उत्तम झाली. डॉक्टर म्हणाले, आता आमचे काम संपले, पुढचे काम शुश्रूषेचे. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, इमारतीस लिफ्ट नाही, पत्नीचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि आक्काचा मुलगा न्यू जर्सीत. ब्युरोच्या बाया ठेवून पाहिल्या. तीन आठवड्यांत चार बदलल्या. शेवटी आक्कानेच निकाल दिला. "मला कुठंतरी ठेव, बाळ. पण नीट बघून ठेव."

मी बघितले, आणि कसे बघितले तेच सांगायचे आहे.

एका रविवारी दुपारी मी तीन ठिकाणे पाहिली. दोन मला आवडली नाहीत: एकाच्या जिन्यात अंधार होता, दुसऱ्याच्या व्यवस्थापिकेचे बोलणे तुटक होते. तिसऱ्या ठिकाणी शिरताच मन निवले. दारात रांगोळी, अंगणात तुळशीवृंदावन, लाद्या आरशासारख्या, भिंतीवर संतांच्या तसबिरी. दिवाणखान्यात पंधरावीस वृद्ध माणसे स्वच्छ कपड्यांत ओळीने बसलेली, आणि त्यांच्यासमोर एक तरुण पेटी घेऊन अभंग म्हणत होता. हातात पडलेले माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते. त्यात "मायेची सावली" होती, "घरापासून दूर एक घर" होते, आणि "आमचे आजीआजोबा" तर पानोपानी होते. रात्रपाळीस माणसे किती, हे मात्र त्यात कोठे नव्हते. एखाद्या कादंबरीच्या मलपृष्ठावर अशी भाषा दिसली असती तर मी तिच्यावर दोन परिच्छेद खर्च केले असते. येथे मी पहिल्या महिन्याचा धनादेश लिहिला.

जाता जाता एक शब्दाचा घोळ. इंग्रजी मुलखात ज्याला नर्सिंग होम म्हणतात ते म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्या, बहुधा वृद्ध, माणसांचे राहण्याचे ठिकाण. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डोळ्यांसमोर येते ती दुमजली इमारत: खाली औषधांचे दुकान, वर बाळंतिणी आणि आंत्रपुच्छाचे रोगी. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणीच्या कायद्याची व्याख्या तशी पुरेशी ऐसपैस आहे. आजार आणि इजा ह्यांच्या जोडीला दुर्बलताही तिच्यात बसते. पण व्यवहारात दुर्बलांसाठी आपण निराळा शब्द शोधला: वृद्धाश्रम. आश्रम म्हटले की हिशेब मागणे अप्रशस्त वाटू लागते. तेथे सेवा असते, त्याग असतो, आणि सेवा करणाऱ्याला "बाई, रात्री दोन वाजता तुम्ही किती जणी असता?" असे कोण विचारणार? पुढे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात, प्रत्येक जिल्ह्यात गरजूंसाठी निदान एक, आणि किमान दीडशे माणसे राहतील असा वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, अशी योजना आहे. तेथे कोणत्या दर्जाची सोय असावी हे ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवलेले आहे. हेतू उत्तम आहे. पण कायद्याने स्वतः जो आकडा धरला तो राहणाऱ्यांचा. त्यांना उठवणाऱ्या, बसवणाऱ्या हातांचा नव्हे.

आक्का त्या घरी गेल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, तिथं किती स्टार आहेत?" मला वाटले हा हॉटेलाबद्दल विचारतो आहे. मग त्याने समजावून सांगितले. अमेरिकेत वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा चालवणारे खाते २००८ पासून नर्सिंग होमांना एक ते पाच तारे देत आले आहे. तपासनिसांच्या भेटीत काय आढळले, परिचारिका व मदतनीस किती तास काम करतात, आणि राहणाऱ्यांच्या प्रकृतीचे काही ठराविक मोजमाप, अशा तीन गोष्टींवरून तारे ठरतात, आणि ते कोणालाही घरबसल्या पाहता येतात. भाच्याने आपल्या सासऱ्यांसाठी तसे पाहून घर निवडले होते. मला हे ऐकून थोडी असूया वाटली, आणि थोडे हसूही आले. साहित्याला तारे देणारी वर्तमानपत्रे मी पाहिली आहेत. पुढे मी त्या ताऱ्यांची हकीकत वाचून काढली. तीनपैकी दोन गोष्टींची माहिती संस्था स्वतःच भरून देत असत, आणि त्यामुळे घरे दिसतात त्याहून बरी ठरतात, हे २०१४ साली न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले. म्हणजे लेखकानेच आपल्या पुस्तकाचे परीक्षण लिहून पाठवावे, तसा प्रकार! मग २०१६ पासून कामाचे तास पगारपत्रकांवरून घेण्यास सुरुवात झाली. आणि २०२२ साली शनिवार-रविवारी माणसे किती असतात ह्याचाही ताऱ्यांत हिशेब धरू लागले, कारण तेथे सुटीच्या दिवशी कामावरची माणसे घटतात.

हे वाचताना मी थबकलो. तिकडे रविवार पडका. आपल्याकडे रविवार हाच सणाचा दिवस. नातेवाईक रविवारी येतात. मीही दर रविवारी चार ते सहा जात असे, केळी आणि साप्ताहिके घेऊन. आक्का धुतलेल्या पातळात, वेणी घातलेली, खुर्चीत बसलेली असे. "कशी आहेस?" "ठीक." मी समाधानाने परत येत असे. सात रविवार हे असे चालले.

आठव्या रविवारी पत्नी कशीबशी गुडघे सांभाळत बरोबर आली. खोलीत पाय टाकताच ती म्हणाली, "वास येतोय." मला फिनेलचा वास येत होता, उदबत्तीचा येत होता. "त्यांच्या खालचा," ती म्हणाली. तिने दार लोटून घेतले, आक्काला कुशीवर वळवले, आणि मग जे दिसले ते मी आरंभी सांगितलेच आहे.

मी संतापलो, व्यवस्थापकांकडे जाऊन बोललो, ते सर्व यथासांग झाले. महत्त्वाचे ते नव्हे. परत खोलीत आलो तेव्हा पत्नी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत होती. दुधाचा रतीब मांडतात तसे तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेले होते. मंगळवारी पस्तीस. बुधवारी पन्नास. गुरुवारी नुसती आडवी रेघ. रविवारी दोन, पुढच्या रविवारी तीन.

"हे काय गं, आक्का?"

"घंटा दाबल्यापासून मावशी येईपर्यंतची मिनिटं. समोर घड्याळ आहे ना."

"आणि ही रेघ?"

"आलीच नाही त्या रात्री."

"मग रविवारची कशाला लिहिलीस? रविवारी तर मी असतो."

"तुलना नको का?" आक्का म्हणाली. तेहेतीस वर्षांची सवय! मग मी अर्थातच तिला विचारले की तू मला हे आधी का सांगितले नाहीस. ती जरा वेळ गप्प राहिली. "तू यायचास तेव्हा सगळं छान असायचं. तुला जे दिसतंय ते खोटं आहे असं कसं म्हणू? तू परीक्षक."

ह्या शेवटच्या शब्दात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते.

त्या रात्री मी तेथेच थांबलो, आणि दोष मावशीवर ढकलण्याची माझी इच्छा पहाटेपर्यंत टिकली नाही. ती चाळिशीची, काटक बाई होती. बारा तासांची पाळी, आणि बाविसांना एकटी. त्यांपैकी नऊ जणांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सुमारे दोन दोन तासांनी वळवावे, म्हणजे पाठीवर, टाचांवर, खुब्यांवर रक्त अडून कातडी मरत नाही, ही शुश्रूषेतली जुनी आणि सर्वमान्य रीत. आता आक्कानेच मला मांडून दाखवलेले गणित पाहा. एका माणसाला वळवणे, ओले काढणे, पुसणे, कोरडे घालणे, ह्याला घाई केली तरी दहा मिनिटे. नऊ जणांना दीड तास. म्हणजे दर दोन तासांतली उरली तीस मिनिटे. त्यांत उरलेल्या तेरा जणांच्या घंटा, कोणाचे पाणी, कोणाची भीती, कोणाचे शौचास नेणे, आणि त्या बाईचे स्वतःचे दोन घास. शिवाय जड अंगाच्या माणसाला नीट वळवायला दोन जणी लागतात, हे मी ह्या हिशेबात धरलेलेच नाही. "दादा," ती मावशी मला म्हणाली, "शेवटच्या खाटेपर्यंत पोचेस्तोवर पहिलीचं पुन्हा ओलं झालेलं असतं." मग वळवणे राहते, आणि राहिलेले कोणाला दिसत नाही, कारण सकाळी सात वाजता सर्वांना आंघोळ घालून ओळीने बसवायचे असते. तेथली माया खोटी होती असे मला अजूनही वाटत नाही. पण मायेला हात दोनच होते.

पुढच्या काही दिवसांत मी जे पुस्तक काढून वाचले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे 'नोट्स ऑन नर्सिंग', १८५९ सालचे. शाळेच्या पुस्तकातली हातात दिवा घेतलेली ती सौम्य मूर्ती डोळ्यांसमोर असल्यामुळे पुस्तकही मऊ असेल अशी आपली समजूत असते. ते कमालीचे तिखट आहे. रोग्याला अंथरुणाच्या जखमा झाल्या तर तो बहुधा रोगाचा दोष नसून शुश्रूषेचा असतो, असे बाई पहिल्याच पानांत बजावतात. दाराबाहेर उभे राहून रोग्याविषयी कुजबुजणे हा त्यांच्या मते छळ आहे. झोपलेल्या रोग्याला जाणूनबुजून किंवा चुकूनही जागे होऊ न देणे, ही तर त्यांची पहिली अट. पण सर्वांत मोलाचे प्रकरण आहे ते किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थेवरचे. त्याचा मथितार्थ असा की, तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही नसताना कसे होईल, हे ज्याला जमवता आले नाही त्याची बाकीची सगळी धडपड व्यर्थ आहे. बाईंना आकड्यांचे वेड होते. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने १८५८ साली त्यांना सदस्य करून घेतले, आणि त्या पहिल्याच स्त्री सदस्य. आक्काचा कालनिर्णय त्यांना आवडला असता.

दुसरे नाव अवेडिस डोनाबेडियन ह्यांचे. बैरूटमध्ये जन्मलेले, आर्मेनियन घराण्यातले आणि अमेरिकेत नावारूपाला आलेले हे सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक. वैद्यकीय सेवेची प्रत कशी पारखावी ह्यावर १९६६ साली त्यांनी जो निबंध लिहिला त्यावर ह्या विषयाचे पुढचे सारे शास्त्र उभे आहे. ते तीन गोष्टी वेगळ्या करतात: रचना, व्यवहार आणि निष्पत्ती. आपल्या भाषेत सांगायचे तर नेपथ्य, प्रयोग आणि प्रेक्षकाच्या मनात उरणारे काही. तुळशीवृंदावन, लाद्या, तसबिरी हे सारे नेपथ्य. मी पडदा उघडल्याबरोबर नेपथ्याला टाळी दिली आणि प्रयोग न पाहताच परीक्षण लिहून मोकळा झालो. कोणत्याही होतकरू नाट्यपरीक्षकाला मी ह्यासाठी झापले असते. निष्पत्तीवरून पारख करावी म्हटले तर वृद्धांच्या बाबतीत तीही फसवी. उत्तम शुश्रूषा होऊनही पंच्याऐंशी वर्षांचे माणूस जाते, आणि हेळसांड होऊनही एखादे चिवट माणूस शंभरी गाठते. म्हणून प्रयोगच पाहिला पाहिजे, आणि तोही रंगीत तालमीच्या दिवशी नव्हे. ह्याच डोनाबेडियननी २००० साली, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी, स्वतः कर्करोगाचे रोगी म्हणून रुग्णालयांचा अनुभव घेतल्यानंतर दिलेल्या मुलाखतीत, गुणवत्तेचे अंतिम रहस्य प्रेम हेच आहे असे म्हटले. मी प्रथम वाचले तेव्हा दचकलो. हा शब्द त्या गुळगुळीत माहितीपत्रकात नऊ वेळा आला होता. पण आयुष्यभर मोजमाप करून झाल्यावर तो उच्चारणे आणि मोजमाप टाळण्यासाठी तो उच्चारणे ह्यांत फरक आहे.

आमच्या साहित्याने ह्या बाबतीत मला फारशी मदत केली नाही, हेही सांगून टाकतो. 'नटसम्राट' काय, 'संध्याछाया' काय, आपल्याकडे म्हातारपणावरचे लेखन म्हणजे बहुधा मुलांवर चालवलेला खटला असतो. मुले वाईट वागली की नाही, दूर गेली की नाही, एवढ्यावर आपण रडतो. आणि ते रडणे खोटे नाही. परंतु प्रेक्षागृहातून बाहेर पडलेला माणूस "मी आईला आश्रमात ठेवणार नाही" अशी शपथ घेऊन घरी जातो, आणि पुढे ठेवण्याची वेळ आलीच तर लाजेने डोळे मिटून ठेवतो. डोळे मिटलेल्या माणसाला रात्रीची मावशी कशी दिसावी? ह्याला सन्माननीय अपवाद मला आठवतो तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या २०१३ च्या 'अस्तु' ह्या चित्रपटाचा. त्यातल्या स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताला जवळ करते ती हत्तीवाल्याची बायको. त्याची विद्वत्ता तिला कळत नाही आणि त्याचे नावही तिच्या उपयोगाचे नसते. मोहन आगाशे ह्यांच्याइतकेच त्या चित्रपटात पाहावे ते अमृता सुभाष ह्यांच्याकडे, कारण शुश्रूषा करणारे माणूस तेथे पहिल्यांदा पात्र झाले आहे, पार्श्वभूमी नव्हे.

आक्काला हलवायचे ठरले तेव्हा ह्या खेपेस मी निराळ्या रीतीने निघालो. वार मंगळवार निवडला, वेळ रात्री साडेआठची; आणि प्रश्न आक्काने लिहून दिले. पहाटे दोन वाजता जागे कोण असते? स्वतःहून न वळणारी माणसे किती? वळवल्याची नोंद कोठे ठेवता? गेल्या वर्षभरात अंथरुणाची जखम कोणाला झाली का? दोन ठिकाणी हे प्रश्न अपमानासारखे घेतले गेले. एका ठिकाणी, "आमच्याकडे आजवर कोणालाही जखम झालेली नाही," असे छातीठोक उत्तर मिळाले, आणि प्रस्तावनेतच स्वतःला निर्दोष म्हणवणारे पुस्तक मी जसे मिटतो तसा मी उठलो. शेवटी एका जुन्या बंगल्यात गेलो. रंगाचे पोपडे उडालेले, अंगणात तुळस नव्हती, एक बंद पडलेली स्कूटर होती. राहणारी माणसे बारा. रात्री मावश्या दोन. व्यवस्थापिका मूळची सरकारी इस्पितळातली परिचारिका. जखमेचा प्रश्न विचारताच तिने कपाट उघडून वही काढली. "दोघांना झाल्या. एक इस्पितळातूनच घेऊन आले होते. दुसरी आमच्याकडे झाली, मे महिन्यात. एक मावशी रजेवर होती आणि बदली मिळाली नाही. भरायला अडीच महिने लागले." प्रत्येक खाटेच्या पायाशी दोरीने बांधलेला एक पुठ्ठा होता, त्यावर वेळ, कूस डावी की उजवी, आणि सही. मी विचारले, रात्री केव्हाही भेटायला आलो तर चालेल का? "या ना," ती म्हणाली, "पण आत सोडायचं की नाही ते रात्रपाळीची मावशी ठरवेल. तो तिचा अधिकार."

हे ठिकाण म्हणजे नंदनवन होते असे कोणी समजू नये. तेथे आठवड्यातून चार वेळा दुधी असे. वरण पातळ. दिवाणखान्यातला दूरदर्शन संच बहिऱ्या आजोबांच्या सोयीने लावलेला असल्यामुळे रस्त्यापर्यंत ऐकू जाई, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाई आक्काच्या उशाखालची साप्ताहिके चोरत. परंतु पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट घडली. तेथल्या मावश्यांनी तिला, "आजी म्हणू की काय म्हणू?" असे विचारले. आधीच्या घरी सगळ्याच आजी होत्या. जिला नातवंड नाही तीही आजी, आणि जी उभ्या जन्मात कोणाची फारशी लाडकी नव्हती तीही आजीच. आक्का म्हणाली, "बाई म्हणा. सगळ्या मुली बाईच म्हणायच्या." त्या दिवसापासून ती बाई झाली. आधीच्या घरी तिला पाच वाजता भजनाला ढकलत नेत; तिला गाण्याचा कंटाळा आहे हे तिने सांगितले तेव्हा, "आजी, देवाचं नाव घ्यावं," असे उत्तर मिळाले होते. येथे ती पाच वाजता व्यवस्थापिकेच्या टेबलापाशी चाकाची खुर्ची लावून बसू लागली आणि दूधवाल्याच्या बिलात चौऱ्याऐंशी रुपयांची चूक काढली. तेव्हापासून महिन्याचा जमाखर्च तिच्याकडे आहे.

ह्यावरून अतुल गवांदे ह्यांच्या 'बीइंग मॉर्टल' ह्या २०१४ च्या पुस्तकाबद्दल लिहिले पाहिजे. भाच्याने ते मला मुद्दाम पाठवले. लेखक अमेरिकेतले शल्यविशारद. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव उटी, आपल्या विदर्भातले. तेथे जवळजवळ एकशे दहा वर्षे जगलेल्या आजोबांचे चित्र पुस्तकात आहे: सगळे कुटुंब भोवती, शब्दाला मान, आणि कोर्टाच्या कामाला जाताना बसमधून पडून आलेले मरण. हे वाचून आपल्याला "पाहा, आमची एकत्र कुटुंबपद्धती!" म्हणून मिशीला पीळ भरावासा वाटतो. गवांदे तो भरू देत नाहीत. त्या सुखाची किंमत घरातली तरुण माणसे मोजत असत, हे ते स्पष्ट सांगतात, आणि ह्या प्रामाणिकपणामुळेच पुस्तक मला मोठे वाटते. पुस्तकातली सर्वांत रंगलेली गोष्ट बिल टॉमस ह्या तरुण डॉक्टरची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावच्या एका नर्सिंग होममध्ये १९९१ साली त्याने दोन कुत्री, चार मांजरे आणि शंभर पोपट आणवले. पोपट आले तेव्हा पिंजरे आलेलेच नव्हते. आणणाऱ्याने ते केशभूषेच्या खोलीत सोडून दार लावून घेतले, आणि पुढचा गोंधळ वाचकांनी आपल्या मुलांना जरूर वाचून दाखवावा. टॉमसच्या मते अशा घरांतली खरी दुखणी तीन: कंटाळा, एकटेपणा आणि असहायता. प्राणी आल्यावर तेथल्या औषधांचा खप शेजारच्या एका घराच्या मानाने निम्म्यावर आला आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा पंधरांनी घटले, असे गवांदे सांगतात. दोनच घरांच्या तुलनेवर किती भार टाकावा हा प्रश्न आहे. पण गोष्टीतले मर्म मला पटते, कारण चौऱ्याऐंशी रुपये सापडले त्या संध्याकाळी आक्काने दुधीसुद्धा तक्रार न करता खाल्ला.

माझी तक्रार दुसरी आहे. हे पुस्तक अशा घरांकडे पाहते ते बहुतेक डॉक्टरांच्या, संस्थापकांच्या आणि मुलामुलींच्या डोळ्यांनी. कल्पना कोणाला सुचली हे त्यात कळते. शंभर पिंजरे रोज कोणी धुतले हे तितकेसे कळत नाही. रात्री दोन वाजता कुशीवर वळवणाऱ्या बाईचे पुस्तक अजून लिहायचे आहे, आणि ते बहुधा मराठीत प्रथम लिहिले जाणार नाही, कारण आपण अद्याप खटल्यातच गुंतलो आहोत.

आक्काची जखम भरायला चार महिने लागले. नव्या खोलीतही तिने कालनिर्णय लावून घेतला होता. पहिल्या दोन आठवड्यांच्या चौकोनांत सहा, नऊ, चार, एकदा वीस असे आकडे आहेत, आणि वीसच्या पुढे कंसात "शेजारी पडल्या" अशी टीप. रविवार आणि इतर वार ह्यांच्यात मला काही फरक काढता आला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून चौकोन मोकळे आहेत. मी विचारले, "का गं, मोजणं सोडलंस?" ती म्हणाली, "नमुना पुरेसा झाला."

गेल्या महिन्यात एका मंगळवारी एका व्याख्यानाहून परतताना रात्री सव्वादहाला मी त्या बंगल्याशी रिक्षा थांबवली. काही काम नव्हते. एकदा पाहावेसे वाटले एवढेच. घंटा वाजवली. दाराची जाळी अर्धवट उघडून एक मावशी उभी राहिली. एका हातात ओली चादर होती.

"बाईंचा भाऊ मी."

"ओळखते. पण बाई झोपल्यात. आत्ताच कूस बदलून दिलीय."

"नुसतं दारातून बघतो. आवाज करणार नाही."

"नको दादा. त्यांची झोप सावध आहे. उद्या या."

मी काही बोलणार तोच आत कोठेतरी घंटा वाजली. तिने जाळी ओढून घेतली, कडी लावली आणि ती आत गेली. मी घड्याळात पाहिले. मग रिक्षा उभी होती तिकडे वळलो.